‘क्रिस्तपुराण’ : पुराण की इतिहास?

हजरत आदम (अ.स.) यांची कथा सतराव्या शतकाच्या आरंभी मराठी ओवीत विस्ताराने सांगितली ती एका इंग्रज पाद्रीने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली साष्टीतील राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. लिपी रोमन, भाषा मराठी, ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्या ओवीला प्रतिष्ठा दिली, तिचाच आधार या परदेशी माणसाने घेतला. आम्हा आळंदीकरांना ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

पण ग्रंथाचे नावच एक प्रश्न उभा करते. सृष्टी, आदम, हव्वा, नूह यांची कथा हा इतिहास आहे की पुराण? जुनी पुराणे बंद केलीत, तर आम्हांला त्या जागी दुसरे काही द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. म्हणजे ‘पुराण’ हा शब्द श्रोत्यांसाठी निवडलेला आहे. स्वतः स्टीफन्स मात्र ही कथा घडलेलीच मानत होते. त्यांच्यानंतर, १६५० साली, आर्चबिशप अशर यांनी बायबलातील वंशावळ्या जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली ठरवला. तो काळच तसा होता.

आज मात्र बायबलच्या ‘उत्पत्ती’ची पहिली दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात वनस्पती, प्राणी आणि शेवटी स्त्री-पुरुष असा क्रम आहे. दुसऱ्यात आधी आदम, मग झाडे, प्राणी आणि शेवटी स्त्री. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी. ही रोजनिशी म्हणून वाचली तर जुळत नाही. ‘हे सारे कोणी निर्माण केले आणि माणसाची जबाबदारी काय’ याचे उत्तर म्हणून वाचली तर दोन्ही प्रकरणे अर्थपूर्ण होतात. पाचव्या शतकातील संत ऑगस्टिनलाही ते सहा दिवस आपल्या घड्याळाचे वाटले नव्हते.

आपल्याकडे मुनाजऱ्याच्या पुस्तिकांतून हीच विसंगती ख्रिस्ती बांधवांना हिणवण्यासाठी वापरली जाते. हे मला पटत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ पासून ‘तबयीन-उल-कलाम’ हे बायबलवरील भाष्य छापले, ते समजून घेण्यासाठी, हरवण्यासाठी नव्हे. अल्लाहचे वचन आणि अल्लाहची सृष्टी यांत विरोध असू शकत नाही, ही त्यांची भूमिका. शिवाय जो मापदंड दुसऱ्याच्या ग्रंथाला लावायचा, तो स्वतःच्या वाचनालाही लावावा लागतो. कुरआनातही सहा दिवस आहेत. पण अल्लाहचा एक दिवस एके ठिकाणी हजार वर्षांसारखा, दुसरीकडे पन्नास हजार वर्षांचा सांगितला आहे. पृथ्वीचे वय तर कुठेच दिलेले नाही. इक्बालांनी आपल्या व्याख्यानांत आदमच्या कथेचा अर्थ माणसाला आलेले आत्मभान आणि स्वातंत्र्य असा लावला. बहुसंख्य उलेमा आदम (अ.स.) यांना प्रत्यक्ष पहिला माणूस आणि पैगंबर मानतात, याचीही नोंद घ्यायला हवी. मतभेद जुना आहे, तो अदबीने चालावा.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांती आहे; उर्दू माध्यमाची मुलेही तो धडा शिकतात. ‘सर, मग आदम अलैहिस्सलाम?’ हा प्रश्न वर्गात येणारच. तेव्हा ‘धडा खोटा’ म्हणणारा शिक्षक मुलाचे विज्ञान हिरावतो, आणि ‘कथा खोटी’ म्हणणारा त्याची श्रद्धा. जीवाश्मांना काळ विचारावा, किताबला मार्ग विचारावा, एवढे तरी त्याच्या हाती द्यावे.

आळंदीत चांगदेवांच्या भेटीला गेलेली भिंत दाखवतात. कुणी ती चालली असे मानो, कुणी न मानो. अहंकार गळाला पाहिजे, हे सार दोघांनाही कळते. ‘क्रिस्तपुराण’ आपण मुसलमानांनी वाचावे ते याच दृष्टीने. त्यात आपल्याच आदमची कथा आपल्याच मराठीत आहे.