३४ तासांत स्पॅनिश : एका आकड्याची उलटतपासणी

नागपुरातल्या एका सीबीएसई शाळेत नववी-दहावीला स्पॅनिश शिकवतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे दहावीच्या, म्हणजे स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी घेत होते. एक दिवस समन्वयक बाईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "तुमचाच विषय आहे म्हणून विचारते. ॲपवर ३४ तास केले की कॉलेजचं एक सेमिस्टर होतं म्हणतात. मग आठवड्याला चार तासिका कशाला? दोन ठेवू, बाकीचं मुलं घरी मोबाइलवर करतील."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच आकडा माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात होता. मूळ अहवाल न वाचता, एका बातमीतून उचललेला! गाइड सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारून एवढंच लिहिलं होतं : "कोणाचे ३४ तास?"

आजची पोस्ट या प्रश्नावर. पेट-नेटची तयारी करणाऱ्यांनी आणि सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्यांनी ती जरा सावकाश वाचा.

आकडा आला कुठून?

२०१२ साली ड्युओलिंगोच्या परिणामकारकतेवर एक अहवाल निघाला. लेखक दोघे : सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचे रुमेन व्हेसेलिनोव्ह आणि युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाचे जॉन ग्रेगो. अभ्यास अमेरिकेत झाला, सप्टेंबर ते नोव्हेंबर, साधारण आठ आठवडे. ॲपवर स्पॅनिश शिकणाऱ्यांमधून यादृच्छिक नमुना निवडला. सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक चाचणी. दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती.

सरासरी प्रगती ९१.४ गुण. दर तासाला सरासरी ८.१ गुण. त्यावरून निष्कर्ष असा की, स्पॅनिश अजिबात न येणाऱ्याला कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरइतका भाग पुरा करायला २६ ते ४९ तास लागतील, सरासरी ३४.

टीका करण्याआधी श्रेय देऊ. नमुना ओळखीपाळखीतून गोळा केलेला नाही. आधी-नंतर मोजमाप आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलाय. पैसा कंपनीचा होता, हेही लपवलेलं नाही. कंपनीने पैसा दिला म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. पण मग पद्धत आपण अधिक बारकाईने वाचायची असते. मी ते केलं नव्हतं.

चार जागा जिथे आकडा डळमळतो

पहिली जागा : ३४ हा भागाकार आहे. चाचणीत सुमारे २७० गुण मिळाले की दुसऱ्या सेमिस्टरला बसवतात. त्या २७० ला ८.१ ने भागा, ३४ च्या आसपास येता. म्हणजे शून्यापासून सुरू करून ३४ व्या तासाला सेमिस्टर पुरं केलेली माणसं इथे मोजलेली नाहीत. दर तासाचा वेग धरून पुढे रेघ ओढलीय. आणि अहवाल स्वतःच सांगतो की नवख्यांची प्रगती सर्वांत जास्त आणि पुढच्या पातळीवरच्यांची सर्वांत कमी झाली. वेग पातळीप्रमाणे बदलतो, तर एकच सरासरी घेऊन किती लांबची रेघ ओढायची?

दुसरी जागा : तुलना कोणाशी? प्रत्यक्ष कॉलेजच्या वर्गात शिकणारा दुसरा गट या अभ्यासात नाही. 'सेमिस्टरइतकं' हा शब्द चाचणीच्या गुणांवरून आलाय. शिवाय ज्यांनी शेवटची चाचणी दिलीच नाही, ते आधी-नंतरच्या हिशेबात येऊच शकत नाहीत. सोडून जाणारे सहसा कोण असतात, हे कुठल्याही शिकवणीवाल्याला विचारा.

तिसरी जागा : चाचणी काय मोजते? ही वेबकेप नावाची संगणकीय चाचणी आहे. अमेरिकी कॉलेजांत कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या सेमिस्टरला बसवायचं, हे ठरवायला ती वापरतात. पर्याय निवडायचे असतात, तोंड उघडावं लागत नाही. त्या कामापुरती ती ठीक आहे, पण 'भाषा आली' हे ठरवायला अपुरी. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी २०१४ मध्ये या अहवालावर टीका केली, तिचाही रोख जाणीवपूर्वक शिकलेले नियम आणि अंगवळणी पडलेली भाषा यांतल्या फरकावर होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हेच तिच्या भाषेत सांगितलं : "ताई, ॲपवर तर सगळं बरोबर येऊन राहिलं होतं. बोलायला उभं केलं का बंद!"

चौथी जागा : माणसं कोणती? ती आपणहून ॲपवर आलेली होती. अहवालानुसार प्रवासासाठी शिकणाऱ्यांचा फायदा सर्वांत जास्त आणि नुसत्या आवडीपोटी शिकणाऱ्यांचा सर्वांत कमी. मग टक्के वाढतील म्हणून स्पॅनिश घेतलेली दहावीची मुलं यांत कुठे बसतात? कुठेच नाहीत. तो गट तपासलाच गेला नव्हता.

आणि पाचवी, आपली

ही जागा मला अहवाल वाचून सापडली नाही, मागच्या बाकावर सापडली. २७० गुणांची रेघ अमेरिकी कॉलेजसाठी आखलेली आहे, तिथल्या वर्गांत बहुतेकांची भाषा इंग्रजी असते. आपल्या मुलांच्या डोक्यात मराठी आहे, हिंदी आहे.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'मे गुस्ता ला नारांखा' हे वाक्य उलटं वाटतं, कारण त्याच्या भाषेत 'मी' कर्ता असतो. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'मला संत्रं आवडतं.' अनेक संत्री असली की 'मला संत्री आवडतात', तसंच तिकडे 'मे गुस्तान लास नारांखास'. क्रियापद दोन्हीकडे संत्र्याप्रमाणे बदलतं. (नारांखा आणि आपलं नारिंग एकाच मुळाचे आहेत. संस्कृतातला शब्द फारसी-अरबीतून स्पेनला पोचला.) त आणि द हे उच्चारही स्पॅनिशमध्ये आपल्यासारखे दंत्य आहेत. पण वर्गातली मुलं ॲप इंग्रजीतून वापरत होती. त्यामुळे मराठीत तयार असलेलं वाक्य आधी इंग्रजीत मोडायचं आणि मग स्पॅनिशमध्ये जोडायचं, असा द्राविडी प्राणायाम चालला होता. सरांनी फळ्यावर 'मला आवडतं' लिहिलं आणि वर्गाचा चेहरा बदलला.

मराठी नेहमी मदतच करते असंही नाही. 'पांढरा घोडा' म्हणजे 'काबायो ब्लांको', 'पांढरी गाय' म्हणजे 'बाका ब्लांका'. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं हे आपल्याला नवीन नाही. पण आपला 'आ' पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी! एक मुलगा सारखा 'काबायो ब्लांका' म्हणत होता. ती चूक मराठीमुळेच होती का? एका मुलावरून मी तसं म्हणणार नाही. पण तपासण्याजोगा प्रश्न नक्की आहे, आणि माझ्या सुधारित सिनॉप्सिसमध्ये तो गेलाय.

तर नागपूरच्या मुलांना ३४ पेक्षा कमी तास लागतील की जास्त? या अहवालावरून दोन्हींपैकी काहीच म्हणता येत नाही. समन्वयक बाईंना मी हेच दोन पानांत लिहून दिलं. ॲप बंद करा असं मी लिहिलं नाही. शब्द पाठ करायला, रोज दहा मिनिटं सराव ठेवायला ते चांगलंच आहे. मात्र ज्या दोन तासिका कापायच्या आहेत, त्यांतच मुलं बोलायला उभी राहतात, आणि तो भाग त्या चाचणीने मोजलेलाच नाही, एवढं ठळक केलं. निर्णय पुढच्या सत्राआधी होईल.

तुमच्यासाठी काम : आपल्या सिनॉप्सिसमधला सर्वांत आवडता आकडा काढा. त्याच्यासमोर पाच गोष्टी लिहा : कोणाचा, कशाने मोजला, कोणाशी तुलना केली, कोण गळालं, आणि आपल्या माणसांना लागू का होईल. पाचपैकी दोन जागा कोऱ्या राहिल्या तर आकडा लगेच खोडू नका. मूळ अहवाल उघडा आणि पद्धतीचं प्रकरण आधी वाचा. मी आधी निष्कर्ष वाचला होता, तोही दुसऱ्याने लिहिलेला.