परतीच्या तिकिटाची कादंबरी : ‘रणांगण’चे एक पुनर्वाचन

परदेशप्रवासात अकस्मात जुळलेले प्रेम हा लोकप्रिय कादंबरीचा हुकमी विषय आहे. सहलींच्या व्यवसायाचा विस्तार होऊन युरोपची यात्रा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कक्षेत आल्यापासून तो मराठी वाचकालाही परका राहिलेला नाही. समीक्षेने मात्र ‘रंजनपर’ असा शिक्का मारून या कथाप्रकाराची विचारपूस करण्याचे टाळले आहे. हा शिक्का चुकीचा आहे असे नव्हे, तो अपुरा आहे. एखादा कथाप्रकार वाचकांना पुनःपुन्हा हवासा का वाटतो, त्यात कोणते सुख सामावलेले असते आणि त्या सुखाची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

मिखाईल बाख्तिन यांनी १९३७-३८ मध्ये कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या परस्परबद्ध रूपांविषयी एक दीर्घ निबंध लिहिला. प्राचीन ग्रीक प्रेमकथांचे त्यातील विवेचन येथे उपयुक्त ठरते. या कथांत प्रथम भेट आणि अखेरचे मीलन यांच्या दरम्यान नायक-नायिका देशोदेशी भटकतात, संकटांतून जातात. परंतु या मधल्या काळाचा कोणताही व्रण त्यांच्यावर उमटत नाही. त्यांचे वय वाढत नाही, स्वभाव बदलत नाही. तो आयुष्याच्या हिशेबात न धरलेला काळ असतो. आधुनिक सुट्टीतील प्रेमकथा या काळाचीच वारसदार आहे. सुट्टी ही केवळ कामापासून नसते, ती परिणामांपासूनही असते. परका देश, परकी भाषा, ओळखीच्या नजरांचा अभाव यांमुळे व्यक्तीला जी मोकळीक मिळते तिच्या मुळाशी एक वस्तू असते : खिशातील परतीचे तिकीट.

मराठी कादंबरीला प्रवास नवा नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) तिचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे, आणि त्या कादंबरीच्या नावातच पर्यटन आहे. परंतु यमुना आणि विनायक यांच्या प्रवासात वाट्याला येते ते विधवांच्या दुःखाचे दर्शन. तेथे प्रवास ही डोळे उघडण्याची रीत आहे. पुढे आपल्याच कोल्हापुरात, राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ना. सी. फडके यांनी प्रणयाचा विषय आणि त्याचे तंत्र यांना मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘प्रतिभासाधन’मधून (१९३१) त्या तंत्राची मीमांसाही केली. प्रवासाचे दर्शन आणि प्रणयाचे तंत्र या दोन धारा ज्या एका कृतीत समोरासमोर आल्या ती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) होय.

तिचे कथानक वरवर पाहता बोटीवरील प्रेमकथेचेच आहे. युरोपातून स्वदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आणि नाझी जर्मनीतून निर्वासित होऊन पूर्वेकडे निघालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची बोटीवर भेट होते. मोजक्या दिवसांत ओळख प्रेमात परिणत होते. मुंबईला चक्रधर उतरतो, बोट पुढे जाते आणि हॅर्टा समुद्रात जीव देते. उमाकडून झालेल्या प्रेमभंगाचे शल्य चक्रधर बरोबर घेऊन आलेला आहे. स्त्रीविषयीचा अविश्वास त्याने चिलखतासारखा अंगावर चढवला आहे.

या कादंबरीविषयीची रूढ धारणा अशी की, युद्धाच्या छायेत चिरडल्या गेलेल्या प्रेमाची ही शोकात्मिका आहे. शीर्षकही या वाचनाला अनुकूल आहे. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे वर्गात हेच सांगत आला. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, पण त्याने तिला मुंबईला उतरवून का घेतले नाही?’ हा प्रश्न तेव्हा भाबडा वाटला. कादंबरी ही समुपदेशनाची जागा नाही, असे काहीसे शिष्ट उत्तर देऊन तो टोलवला. आज वाटते की ‘रणांगण’विषयी विचारता येण्याजोगा सर्वांत मर्मग्राही प्रश्न तोच होता.

इतिहास या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. सहानुभूती सर्वांनी दाखवली, दारे मात्र फार थोड्यांनी किलकिली केली. व्हिसाशिवाय उतरता येईल असे शांघायसारखे बंदर हाच हजारो ज्यूंचा आधार उरला. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रवेशासाठी परवाना आणि निर्वाहाची हमी लागत असे. तेव्हा चक्रधरच्या हाती सर्व काही होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण उरलेले अर्धे उत्तर इतिहासात नाही, ते चक्रधरच्या मनात आहे. हॅर्टावर जडलेले प्रेम खरे आहे, आणि तरीही त्या प्रेमाला बोटीबाहेरचे आयुष्य द्यावयाचे की नाही याविषयी तो अखेरपर्यंत निःशंक होत नाही. कायद्याची भिंत कोठे संपते आणि मनाची कोठे सुरू होते हे त्याला कळत नाही. कदाचित ते न कळण्यातच त्याची सोय आहे.

एकाच डेकवर येथे दोन काळ वावरत आहेत. चक्रधरच्या दृष्टीने बोटीवरील दिवस हे दोन किनाऱ्यांमधले, हिशेबाबाहेरचे दिवस आहेत. हॅर्टाच्या दृष्टीने मागचा किनारा पुसला गेला आहे आणि पुढचा अजून कल्पनेतच आहे, म्हणून बोटीवरील दिवस हेच तिचे सगळे आयुष्य आहे. ज्या दिवसांवर तो प्रेमाचा खेळ मांडतो त्याच दिवसांवर ती आपले जगणे पणाला लावते. या विषमतेत एक विलक्षण उपरोधही आहे. गुलाम देशाच्या तरुणाला उतरायला बंदर आहे आणि साम्राज्ये उभारणाऱ्या खंडाच्या कन्येला नाही. बेडेकरांनी हा उपरोध मोठ्याने उच्चारलेला नाही, तो बोटीच्या मार्गातच गोवला आहे.

तरीही ‘रणांगण’ प्रणयकथेच्या संकेतातून पूर्णपणे सुटते असे म्हणवत नाही. हॅर्टा आपल्याला बहुतांशी चक्रधरच्या नजरेतूनच दिसते. तिचे समर्पण इतके निरपवाद आहे की, तिच्या मनात रागाला जागा होती की नव्हती हे वाचकाला विचारावेसे वाटते. आणि तिचा मृत्यू? तो हृदयद्रावक आहे, पण तो नायकाला एका अवघड प्रश्नातून सोडवतोही. हॅर्टा जिवंत राहती, कोठल्या तरी बंदरातून वर्षानुवर्षे पत्रे पाठवती, तर चक्रधरला उत्तर द्यावे लागले असते. या अर्थाने तिचे मरण हेही कादंबरीने काढलेले परतीचे तिकीट आहे.

हा आक्षेप घेतल्यानंतरही कादंबरीचे मोठेपण उरते. बाख्तिन यांनी वर्णिलेल्या प्रेमकथेत मधल्या काळाचा व्रण उरत नाही. येथे व्रणाशिवाय दुसरे काहीच उरत नाही. कथा सांगतो तो किनाऱ्यावर सुखरूप पोचलेला मनुष्य, आणि त्याचे सुखरूप पोचणे हेच त्याच्या निवेदनाला टोचत राहते.

‘रणांगण’ प्रसिद्ध झाल्यानंतर चार वर्षांनी, १९४३ मध्ये, कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, पंचगंगेच्या परिसरात काही वर्षे राहिली. त्यांची कहाणी हॅर्टाच्या कहाणीहून वेगळी होती, कारण त्यांना एक किनारा मिळाला होता. पण वळिवड्याची आठवण असलेल्या गावातून ‘रणांगण’ वाचताना ती बोट दूरच्या समुद्रावरची वाटत नाही. विद्यार्थिनीचा प्रश्नही मग एका काल्पनिक नायकापुरता राहत नाही. उतरवून घेणे शक्य होते, हे या परिसराने एकदा पाहिले आहे.

सुट्टीतील प्रेमाची नवी कादंबरी हाती येईल तेव्हा तिला रंजनपर म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. रंजन हा गुन्हा नव्हे. तिला एवढेच विचारावे की, या प्रेमात परतीचे तिकीट कोणाकोणाजवळ आहे? दोघांजवळही असेल तर ती सुखाची गोष्ट आहे आणि आनंदाने वाचावी. एकाजवळच असेल आणि कादंबरीला त्याची जाणीवच नसेल, तर तिची गोडी संशयास्पद आहे, मग तिची भाषा कितीही काव्यमय असो.