फिर्यादीचे गद्य आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘विद्रोह’ हा शब्द आपण इतका वापरला आहे की आता तो बंद्या रुपयासारखा वाजत नाही. ‘फकिरा’त विद्रोह आहे, ‘उचल्या’त केवळ वेदना आहे, अशी एक वाटणी महाविद्यालयांतून शिकवली जाते. दरवर्षी ती मी उत्तरपत्रिकांतून वाचतो. या वाटणीच्या मुळाशी एक साधी समजूत आहे. धरायला आलेल्या शिपायावर जो हात उगारतो तो विद्रोही आणि जो मार खातो तो पीडित. मला या समजुतीशी भांडायचे आहे. कारण आपल्या समाजात हात कोणी उगारला हे लिहून ठेवणारा पहिला लेखक कादंबरीकार नसतो, तो पोलीस ठाण्यातला अंमलदार असतो.

त्याचे गद्य एकदा नीट वाचून पाहावे. ‘फिर्यादी हे शासकीय कर्तव्य बजावीत असताना आरोपीने त्यांच्या गणवेशाची कॉलर धरून धक्काबुक्की व शिवीगाळ करून शासकीय कामात अडथळा आणला.’ नावे बदलतात, तारखा बदलतात, वाक्य बदलत नाही. या वाक्यातला कर्ता नेहमी आरोपी असतो. पोलीस काय करीत होता, हे ‘कर्तव्य बजावीत असताना’ या तीन शब्दांत गुंडाळलेले असते. काठी, लाथ, जातीवरून दिलेली शिवी, म्हातारीला ओढून बाहेर काढणे, सारे त्या तीन शब्दांच्या पोटात. प्रस्थापितांच्या ललित गद्यात आमचे अनुभवविश्व नव्हते म्हणून आम्ही आमचे साहित्य लिहिले. या सरकारी गद्यात मात्र आम्ही पहिल्यापासून आहोत, तेही ठळक अक्षरांत.

लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बलप्रयोग करणे, हे भारतीय दंड संहितेचे कलम ३५३. मूळ कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत नेली. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आले आणि त्यात मर्यादा पुन्हा दोन वर्षांची आहे. स्वतःच्या कायदेशीर अटकेला प्रतिकार करणे हा वेगळा गुन्हा. तो पूर्वी कलम २२४ होता, आता २६२ आहे. कार्यकर्त्यांना हे आकडे पाठ असतात. मोर्चात पकडलेल्या पोराच्या नावावर असे एक कलम लागले की पुढे सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते उभे राहते. घरातला पहिला पदवीधर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका ओळीची किंमत सांगावी लागत नाही.

सगळ्या फिर्यादी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. शिपायावर खरोखर हल्ले होतात, आणि तो शिपाई पुष्कळदा आपल्याच वस्तीतला, बारा-बारा तास उभा राहणारा असतो. त्याला मारण्यात क्रांती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती खुशाल कवितेत करावी. माझा मुद्दा वाचनाचा आहे. कायदा स्वतःसुद्धा या फिर्यादीइतका एकपदरी नाही. सद्भावनेने वागणाऱ्या लोकसेवकाच्या कृतीविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असे जुने कलम ९९ आणि आताचे ३७ सांगते. पण जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर ही बंदी लागू होत नाही, हेही तेच कलम सांगते. ही फट इंग्रजाने १८६० मध्ये ठेवली होती. ठाण्यात लिहिलेल्या त्या एका वाक्याला ती सापडत नाही.

आता ‘फकिरा’कडे येऊ. अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ ची. आपण तिच्यातली तलवार वाचतो, दुष्काळात लुटलेले धान्य वाचतो, आणि शेवट घाईने उरकतो. शेवटी फकिरा स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. सरकारने त्याच्या माणसांना, बायकापोरांसह, डांबून ठेवलेले असते म्हणून. समीक्षक याला शोकात्म शेवट म्हणून मोकळे होतात. मला तो कादंबरीचा सर्वांत कठोर सामाजिक भाग वाटतो. व्यक्तीच्या प्रतिकाराची किंमत राज्यसंस्था जातीकडून वसूल करते, हे अण्णा भाऊंनी तिथे दाखवले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा गाभाच तो होता. गुन्हा एकाचा, हजेरी सगळ्यांची.

हे ध्यानात घेतले की ‘उचल्या’तला मार वेगळा वाचता येतो. लक्ष्मण गायकवाड यांचे हे आत्मकथन १९८७ चे, त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात आजोबांची हजेरी आहे, घरात घुसणारे पोलीस आहेत, झडती आहे, मारहाण आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी धाड काही रद्द झाली नाही. इथे कोणी पोलिसावर हात टाकत नाही म्हणून विद्रोह नाही, असे म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावे की हात टाकला असता तर त्या रात्री वस्तीत कोण शिल्लक राहिले असते? फकिरा जे शेवटच्या प्रकरणात शिकतो ते या माणसांना जन्मतःच ठाऊक असते. त्यांचा नकार लिहिण्यात उतरला. ‘कर्तव्य बजावीत असताना’ या तीन शब्दांत काय काय होते ते गायकवाडांनी पानोपान उलगडून ठेवले. उशिरा दाखल झालेली उलट फिर्याद, असे मी या पुस्तकाला म्हणेन.

पण न्यायाच्या घरी प्रतिकाराचे माप एकच असते काय? १९७२ मध्ये गडचिरोली भागातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले, आणि त्या निकालात एक आधार असा होता की तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. म्हणजे ठाण्यात प्रतिकार केला तर ३५३, आणि केला नाही तर संमती! हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणारी समीक्षा आपण अजून पुरेशी लिहिलेली नाही.

आणि ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली. पोलिसांची कथा अशी की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. कथानक म्हणून ती उत्तम होती. तिच्यात धोका होता, घाई होती, निरुपाय होता. गुंडेवार आयोगाने ती स्वीकारली नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. आयोगाने तिथे जे केले ते समीक्षेचेच काम होते. टँकर कुठे होता, जमाव कुठे होता, गोळ्या कुठे लागल्या, हे पाहून निवेदकावर विश्वास ठेवायचा की नाही ते त्याने ठरवले. अविश्वासार्ह निवेदक ही संकल्पना आपण पाश्चात्त्य कादंबरीवरून शिकवतो, आणि घाटकोपर मात्र समाजशास्त्राच्या विभागाकडे ढकलतो.

परभणी तर कालची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, त्यानंतर वस्तीवस्तीत धरपकड. धरलेल्यांपैकी कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मेला. त्याच्या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागले. आंदोलकांवरचे गुन्हे नोंदवायला किती दिवस लागले होते, ते कोणी विचारू नये.

आपल्या आत्मकथनांत मार आला, भूक आली. पण खटला फारसा आला नाही. तारखांवर तारखा, वकिलाची फी, साक्षीला न येणारा पंच, बुडालेली मजुरी, सात-आठ वर्षांनी ‘पुराव्याअभावी निर्दोष’ असा कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरणारा चाळिशीतला माणूस. हे लिहिणारा आपल्यातच कुठेतरी, बहुधा तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला आहे.

यंदा एम. ए. च्या वर्गात ‘उचल्या’ शिकवताना मी सोबत गुंडेवार आयोगाचा टँकरविषयीचा भाग वाचायला देणार आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येणार नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकले आहे.