चिठ्ठीवर नाव कोणाचं?

स्थानिक कलावंतांच्या समूह प्रदर्शनांवर बोला, असं मला सांगितलंय. मी चित्रकार नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे खोड अशी की चित्राआधी शब्दाकडे लक्ष जातं. इथे तो शब्द आहे ‘स्थानिक’. दिसतो साधा, पण तसा नाही.

समूह प्रदर्शन म्हटलं की सगळे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं नाव घेतात. १९४७ साली मुंबईत सहा जण एकत्र आले आणि १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचं प्रदर्शन झालं. मुंबईचा ग्रुप म्हणतो ना आपण? सूझा गोव्याचे, रझा मंडला जिल्ह्यातले, हुसेन पंढरपूरचे, आरा हैदराबादकडचे, बाकरे बडोद्याचे, गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. जन्मानं मुंबईकर एकही नाही! बाकरे तर शिल्पकार. त्यांना एकत्र बांधलं ते गावानं नव्हे, एका नकारानं. कलाशाळेतली साचेबंद चित्रकला त्यांना नको होती. तेवढ्यावर ते एका भिंतीवर आले आणि प्रत्येकाचं चित्र दुसऱ्यापेक्षा वेगळं राहिलं. लवकरच सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. ग्रुप फार वर्षं टिकला नाही, पण त्या सहांची नावं टिकली.

आता आपल्याकडे येऊ. मागे एका जिल्ह्याच्या गावी मी असंच समूह प्रदर्शन पाहिलं. हॉल चांगला, दिवे चांगले. आणि भिंतीवर? गेरूच्या रंगावर पांढरे त्रिकोणी माणसं, मधे तारपावाला, भोवती नाचणारी गोल रांग. एक नाही, वीस-पंचवीस चित्रं! अहो, ही वारली चित्रकला. ती डहाणू-तलासरीकडची. आपल्या भिल्ल, मावची, कोकणी घरांतल्या पोरांना ‘आदिवासी चित्र काढा’ म्हटलं की ती दुसऱ्या आदिवासींचं चित्र काढतात. आपल्या होळीचा ढोल त्यात कुठे नाही.

यात मुलांचा दोष नाही, आणि वारलीचा तर नाहीच. वारलीत लग्नाचा चौक बायका भिंतीवर लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी तीच रेषा कागदावर आणून तिला रोजच्या जगण्यात सोडलं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावानं. पुढे बाजाराला ती रेषा आवडली आणि मशे मागे पडून उरला नुसता साचा. न्याय-वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर सामान्यानं विशेषाला गिळलं. (माझे विद्यार्थी इथे असतील तर ते आता झोपतील.)

कुणी म्हणेल, सर, जे विकतं ते पोरं काढतात, पोट आहे. मान्य. पोटाशी मी वाद घालत नाही. मी आयोजकांशी घालतो, कारण भिंतीवर काय लावायचं ते त्यांच्या हातात असतं.

त्याच हॉलमध्ये दाराच्या मागे एक चित्र होतं. ऊसतोडीला गुजरातेत निघालेला ट्रक, वरून पाहिल्यासारखा. गोधड्या, पातेली, पाय बांधलेली कोंबडी, आणि या सगळ्यांत खोचून ठेवल्यासारखी झोपलेली पोरं. एकाचेच डोळे उघडे. रंग थोडे चिखलट झाले होते, ट्रकचं मागचं चाक फसलं होतं. तरी मी तिथून हललो नाही. त्या भिंतींवर आपल्या जिल्ह्यातून आलेलं मला ते एकच चित्र दिसलं. खाली चिठ्ठी: ‘आदिवासी जीवन’. चित्रकाराचं नाव नाही. शहरातल्या हौशी मंडळींच्या निसर्गचित्रांखाली मात्र नाव, पदवी, फोन नंबर, सगळं.

भुरीबाई तुम्हाला माहीत असतील. झाबुआकडच्या भिल्ल. भोपाळमध्ये भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा तिथे मजुरी करत होत्या. जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले आणि चित्र काढायला सांगितलं. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वामीनाथन यांनी भारत भवनात शहरी आणि आदिवासी चित्रं एकाच संग्रहालयात ठेवली. त्यावर आक्षेप घेता येतात, मलाही आहेत. पण चित्र कोणी काढलं, हे विचारायला ते विसरले नाहीत.

मी आयोजकांना विचारलं, त्या ट्रकवालीचं की ट्रकवाल्याचं नाव काय? ते म्हणाले, “सर, आश्रमशाळेतून गठ्ठा आला होता. चिठ्ठीवर जागा कमी होती.”

असो. प्रश्न असतील तर घेऊ.