राजाचा पँथर, रस्त्यावरचा पँथर

अमेरिकेतील सुपरहीरोंची कॉमिक्स आणि त्यांच्यावरचे चित्रपट हा आपल्या पानांचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. जरूर विचारावे. माझे उत्तर एवढेच की आपल्या वस्त्यांतली पोरे हे चित्रपट पाहतात, माझ्या वर्गातली पोरे त्यांवर हमरीतुमरीवर येतात, आणि मीही ते आवडीने पाहतो. जे आपली पोरे तीन-तीनदा पाहतात ते 'निव्वळ करमणूक' म्हणून समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर बसवणे हे एक प्रकारचे सोवळेच झाले. आणि सोवळ्याशी आपला काय संबंध?

दुसरे कारण नावाचे आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या ५२व्या अंकात 'ब्लॅक पँथर' हे पात्र आणले ते जुलै १९६६ मध्ये. वाकांडा नावाच्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा हा राजा. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. कॉमिक आधीचे असले तरी पक्षाने नाव कॉमिकमधून उचलले नव्हते. अलाबामातील लाउन्डेस परगण्यात मतदानाच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या काळ्या लोकांनी पँथर हे आपले निशाण केले होते, तिथून ते ओकलंडला गेले. पुढे पक्षाचा दरारा वाढला तशी कॉमिकवाल्यांची पंचाईत झाली. १९७२ साली त्यांनी आपल्या राजाचे नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करून टाकले आणि त्याच्याच तोंडी खुलासा घातला की, त्या नावाच्या लोकांचा मी निषेधही करीत नाही आणि समर्थनही करीत नाही. हा बिबट्या फार दिवस टिकला नाही, जुने नाव परत आले. पण साल लक्षात ठेवावे. न्यूयॉर्कची कंपनी ज्या नावाला १९७२ साली बिचकली तेच नाव त्याच साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी छातीवर लावून घेतले.

तेव्हा २०१८ साली 'ब्लॅक पँथर' चित्रपट आला आणि आपल्या पोरांनी तो 'आपला' मानला, यात नवल नाही. नाव ओळखीचे होते. मात्र त्या नावाचे दोन पँथर आहेत, एक राजवाड्यातला आणि एक रस्त्यावरचा. आणि या चित्रपटात दोघे एकमेकांसमोर उभे आहेत, हे आपण पुरेसे पाहिले नाही असे मला वाटते.

चित्रपट चांगला आहे, हे आधी कबूल करतो. रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकाने जवळजवळ सगळे काळे नट घेऊन तो केला. त्यातली आफ्रिका भिकेची, रोगाची, उघड्या पोरांची नाही. ती कुणाच्याही पायाखाली न गेलेली आफ्रिका आहे. रूथ कार्टर आणि हॅना बीचलर या दोन काळ्या स्त्रियांना त्यातील वेशभूषा आणि कलादिग्दर्शन यांसाठी ऑस्कर मिळाले. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. काळा नायक असलेल्या चित्रपटाला परदेशी प्रेक्षक मिळत नाही, असे सांगत आलेल्या हॉलिवुडच्या शेठजींची त्यामुळे बोलती बंद झाली. एवढे श्रेय त्याचे आहे आणि ते लहान नाही.

पण कथा पाहा. राजा टी-चाला याच्यासमोर उभा राहतो किलमाँगर. तो राजाचाच चुलतभाऊ, पण वाढला ओकलंडमध्ये, बाप मारला गेलेला, वाकांडाने वाऱ्यावर सोडलेला. त्याचा प्रश्न एकच: तुमच्याकडे जगात कुणाकडे नाही एवढी शक्ती होती, आणि तुमच्याच रक्ताचे दोनशे कोटी लोक जगभर मार खात होते, तेव्हा तुम्ही कुठे होता? या प्रश्नाला उत्तर नाही. राजाकडे नाही, त्याच्या पूर्वजांकडेही नाही. आपल्यातल्याच शिकून वर गेलेल्या, दार लावून बसलेल्या माणसांना वस्तीतून विचारला जातो तोच हा प्रश्न. मी स्वतः पगाराच्या नोकरीत असल्याने तो मला थेट लागतो.

मग लेखक काय करतात? असा प्रश्न विचारणाऱ्याला जिवंत ठेवणे परवडत नाही, म्हणून आधी त्याचे हात रक्ताने भरून घेतात. किलमाँगर आपल्याच प्रेयसीला गोळी घालतो. औषधी वनस्पतींची राखण करणाऱ्या एका वृद्धेचा गळा धरून तिला उचलतो. या दोन्ही कृत्यांची कथेला काहीही गरज नाही. गरज प्रेक्षकाला आहे, म्हणजे त्याच्या बाजूने सरकू लागलेले आपले मन मागे फिरावे. शेवटी तो मरतो, आणि पीडितांना शस्त्रे घेऊन निघालेली विमाने आकाशातच पाडण्याचे काम कोण करतो? सीआयएचा एक गोरा अधिकारी, चित्रपटातला 'चांगला माणूस'! ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे शिकागोत झोपेतल्या फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी मारले, तेव्हा त्याच्या घराचा नकाशा पुरवणारा माणूस एफबीआयचा होता. ज्यांच्या नावावर चित्रपट चालतो त्या पँथरांचा सरकारी गुप्तहेरांशी आलेला संबंध हा असा आहे.

यावर एक बचाव केला जातो आणि तो पोकळ नाही. किलमाँगर अमेरिकेच्या सैन्यात घडलेला आहे, मालकाकडून तो मालकी शिकला आहे, त्याला मुक्ती नको, साम्राज्य हवे आहे. म्हणून त्याचा पराभव योग्य. मान्य. पण मग मुक्ती हवी असलेला, साम्राज्य नको असलेला असा तिसरा माणूस चित्रपटात का नाही? प्रश्न विचारणारा सापडला तो खुनीच का सापडला? टी-चालाची प्रेयसी नाकिया जगाला मदत करा म्हणते, खरे. पण ती मदतीची भाषा आहे, हक्काची नव्हे. शेवटी राजा ओकलंडमधील इमारती विकत घेतो आणि तिथे केंद्र काढतो. याच ओकलंडमध्ये जानेवारी १९६९ पासून खऱ्या पँथरांनी चर्चच्या जागेत वस्तीच्या मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी देणे सुरू केले होते. त्यांच्याजवळ ना राज्य होते ना जादूची धातू. एफबीआयचा प्रमुख हूव्हर याला ही न्याहारी धोक्याची वाटली. राजाने इमारत घेतली तर ती कुणाला धोक्याची वाटणार? आपल्याकडेही तळे ठरावाने आधीच खुले झालेले होते; पाणी प्यायला १९२७ साली लोकांनाच महाडला जावे लागले.

हा एकट्या किलमाँगरचा प्रकार नाही. २०२१ सालच्या 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या मालिकेत विस्थापितांची बाजू मांडणारी कार्ली ही मुलगी आहे. तिची मागणी पटू लागते न लागते तोच तिच्याकडून माणसे आत असलेली इमारत जाळून घेतली जाते. मॅग्नेटोचे तेच. 'एक्स-मेन' कॉमिकमधील हा खलनायक ऑशविट्झमधून वाचलेला आहे. २०२४ सालच्या 'एक्स-मेन ९७' या ॲनिमेशन मालिकेच्या पाचव्या भागात त्याच्या जमातीची आख्खी वस्ती, जिनोशा, बेचिराख होते. इतके दाहक दृश्य मी व्यंगचित्रांच्या माध्यमात क्वचित पाहिले आहे. त्यानंतर मॅग्नेटो चिडून पृथ्वीची वीज बंद पाडतो आणि पुन्हा खलनायक होतो. 'मॅग्नेटोचे बरोबर होते' असे लिहिलेले बनियन चाहते घालतात. ते कंपनीला चालते, बनियन विकले जाते.

'एक्स-मेन'ला जन्मावरून छळल्या जाणाऱ्यांचे रूपक म्हणतात. या रूपकात एक खोट आहे. म्युटंटच्या डोळ्यांतून खरोखरच आग निघते. म्हणून त्याला भिणाऱ्या माणसाच्या भीतीला काहीतरी आधार आहे. आमच्या स्पर्शात आग नव्हती. अस्पृश्यतेला कसलाही आधार नव्हता, हाच तर तिचा गुन्हा. छळणाऱ्याला कारण बहाल करणारे रूपक पीडिताच्या कितपत कामाचे?

असे का होते? लेखकांची नियत वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कारण धंद्याच्या रचनेत आहे. पुढचा भाग काढायचा तर जग आहे तसेच राहिले पाहिजे. जग बदलू पाहणारा म्हणूनच खलनायक, आणि ते पूर्ववत करणारा नायक. पात्रे निर्मात्यांची नसून कंपनीची असतात. सीगल आणि शुस्टर या दोन पोरांनी १९३८ साली सुपरमॅन १३० डॉलरला विकला. कर्बीचे वारस न्यायालयात हरत गेले आणि कंपनीने अखेर २०१४ साली त्यांच्याशी तडजोड केली. ज्याचे हात राबले त्याच्या नावावर सातबारा नाही, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

कूगलरला हे कळलेले दिसते. फ्रेड हॅम्प्टनवरच्या २०२१च्या 'जूडास अँड द ब्लॅक मेसाया' या चित्रपटाच्या निर्मात्यांत तो होता. जे कंपनीच्या पात्रात मावले नाही ते बाहेर येऊन करावे लागले. २०२५ सालच्या 'सिनर्स'साठी त्याने करारच असा केला की पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी त्याच्याकडे यावी.

पण ही वाट त्याच्याआधी चालून गेलेली माणसे आहेत. १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चार काळ्या माणसांनी 'माइलस्टोन' काढले. छपाई आणि वितरण मोठ्या डीसी कंपनीचे, पात्रांची मालकी स्वतःची. त्यांचा 'स्टॅटिक' हा शाळकरी पोरगा पुढे २००० ते २००४ या काळात ॲनिमेशन मालिकेतून घरोघरी गेला. मला मात्र 'आयकॉन' अधिक महत्त्वाचे वाटते. परग्रहावरून १८३९ साली पडलेला हा जीव एका गुलाम स्त्रीला सापडतो, तिच्या वंशाचे रूप घेतो, आणि आज श्रीमंत वकील होऊन बसला आहे. प्रत्येकाने स्वतःच्या बळावर वर यावे असे मानणारा, दार लावून बसलेला. त्याच्या घरात गरीब वस्तीतली राकेल नावाची पोरगी चोरांबरोबर शिरते, त्याची शक्ती पाहते आणि काही दिवसांनी त्याचे दार वाजवते. किलमाँगरचाच प्रश्न तिच्याजवळ आहे. लेखक तिच्या हातात पिस्तूल देत नाहीत. ती पंधरा-सोळा वर्षांची आहे, पुढे गरोदर असल्याचे तिला कळते, तिला लेखिका व्हायचे आहे. तिच्या सांगण्यावरून तो बाहेर पडतो, ती त्याच्याबरोबर उडते, आणि तिला झालेल्या मुलाचे नाव ती ॲमिस्टाड ठेवते. गुलामांनी १८३९ साली ज्या जहाजावर बंड केले त्याचे ते नाव आहे.