डेटाबेसमधील बाह्य फंक्शन : सोय आणि जबाबदारी

डेटाबेसला मुळात न येणारे काम दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनकडून करून घेणे, ही 'पोस्टग्रेस'च्या रचनेतील एक मूलभूत कल्पना होय. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली बर्कले येथे १९८६ मध्ये या प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्या 'पोस्टग्रेसक्यूएल' या वारसदारात आज सी, पर्ल, पायथन या भाषांतील फंक्शन्स चालतात.

या सोयीची गरज मराठी अध्यापकांना सहज पटेल. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, वर्णमालेत मात्र 'ह'नंतर. म्हणून निव्वळ संकेतक्रमाने लावलेल्या यादीत 'काळे' हे आडनाव 'कावळे'च्या आधी जाते. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयूचे भाषावार क्रम मिळू लागले. तरीही रायापूर-धारवाड परिसरात एकच नाव मराठी, कन्नड व उर्दू लिपींत जुळवायचे झाल्यास स्वतंत्र फंक्शन लिहावे लागते.

तथापि या सोयीला मर्यादा आहेत. सी भाषेतील फंक्शन सर्व्हरच्याच प्रक्रियेत चालते. त्यातील एका चुकीने सर्वांचे काम खंडित होऊ शकते. त्याहून सूक्ष्म धोका इंडेक्सचा. इंडेक्ससाठी फंक्शन 'अपरिवर्तनीय' असल्याचे जाहीर करावे लागते. ते खरे आहे की नाही, हे डेटाबेस तपासत नाही. पुढे फंक्शन बदलले आणि इंडेक्स नव्याने बांधला नाही, तर विद्यार्थ्याची नोंद असूनही शोधात सापडत नाही, आणि चुकीची सूचनाही येत नाही.

म्हणून प्रात्यक्षिकात फंक्शन लिहिण्याइतकेच ते बदलल्यानंतरची जबाबदारी शिकविणेही आवश्यक ठरते.