फाल्गुन वद्य पक्ष आणि आपले ललित लेखन

मराठी वाङ्मयात वसंताचे स्वागत भरपूर झाले आहे. वसंत येण्यापूर्वी मनाची जी चुळबुळ होते तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. कोकिळा, आम्रमोहोर, मलयानिल, पालवी आणि शेवटी गुढी, या क्रमाने आपली वसंतवर्णने पार पडतात. परंतु माघ सरत आल्यापासून पाडव्यापर्यंतचे जे पाच-सहा आठवडे असतात, त्यांत माणसाचे काय होते? पहाटे अकारण जाग येते. नेमाचे काम हातात घेतले तरी लक्ष लागत नाही. पलंगाची जागा बदलावी, जुन्या पत्रांचा गठ्ठा सोडावा, वर्षभर न भेटलेल्या नातेवाईकाकडे उगाच जाऊन यावे, असे वाटू लागते. यातले काहीच कवितेच्या विषयात बसण्याजोगे भव्य नाही. म्हणूनच ते बाहेर राहिले असावे.

या अवस्थेला आपल्या भाषेत शब्द नाही असे मात्र नाही. रुखरुख आहे, काहूर आहे, घालमेल आहे आणि सर्वांत नेमका शब्द म्हणजे हुरहूर. रुखरुखीला कारण ठाऊक असते. घालमेलीत दोन बाजूंची ओढ असते. हुरहुरीचे कारण मात्र जिला ती लागते त्या व्यक्तीलाही सांगता येत नाही. ज्या भाषेने इतका सूक्ष्म भेद केला, तिच्या वसंतवाङ्मयात मात्र आनंद हा एकच भाव राज्य करतो, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

कालिदासाच्या बाबतीत असे झालेले नाही. शाकुंतलाच्या पाचव्या अंकाचा आरंभ आठवावा. दुष्यंत राज्यकारभारातून मोकळा होऊन बसला आहे. शापामुळे शकुंतला त्याच्या स्मरणातून पुसली गेली आहे. अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. आम्रमंजरीचा आस्वाद घेऊन तिला विसरलेल्या भ्रमराला त्यात उपालंभ दिलेला आहे. गाणे संपते आणि राजा अस्वस्थ होतो. कुणा प्रिय व्यक्तीचा विरह नसताना आपल्याला असे का व्हावे, हे त्याला उमगत नाही. रम्य वस्तू दिसली किंवा मधुर स्वर कानी आला की सुखी जीवही उत्सुक होतो, याचे कारण जन्मांतरीची काही नाती नकळत जागी होत असावीत, असा तर्क तो करतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत हाच श्लोक आधाराला घेतला, तो काही केवळ त्याच्या नादमाधुर्यासाठी नव्हे. नाटकाच्या दृष्टीने पाहिले तर राजाचा तर्क अर्धाच खरा आहे. नाते जन्मांतरीचे नाही, याच जन्मातले आहे. विसर मात्र खरा आहे. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, राजाला नसते. हुरहुरीचे याहून अचूक नाट्यरूप आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही.

सहाव्या अंकात याची दुसरी बाजू येते. अंगठी सापडली आहे, स्मृती परतली आहे आणि पश्चात्तापाने राजाने वसंतोत्सव बंद केला आहे. दोन दासी मदनाला वाहण्यासाठी आम्रमंजरी खुडू लागतात, तेव्हा कंचुकी त्यांना दटावतो. राजाची आज्ञा वृक्षांनी आणि पक्ष्यांनीही मानली आहे, असे तो सांगतो. मोहोर फुटला, पण त्यात पराग धरला नाही. कुरबकाची कळी कळीच राहिली. थंडी संपूनही कोकिळाचा स्वर कंठातच अडखळला आहे. येथे वसंत आला नाही असे कवी म्हणत नाही. तो आला आहे आणि उंबऱ्यावर थांबला आहे. फुललेल्या वसंतापेक्षा हा थबकलेला वसंत कालिदासाला अधिक नाट्यमय वाटला, हे आपल्या वसंतकवींनी ध्यानात घ्यायला हवे होते.

कालिदासाच्याच नावावर असलेल्या ऋतुसंहाराची रचनाही येथे पाहण्यासारखी आहे. त्याच्या सहा सर्गांचा प्रारंभ ग्रीष्माने होतो आणि शेवट वसंताने. आपण मराठी माणसे वर्ष चैत्रापासून मोजतो. आपल्या लेखी वसंत म्हणजे आरंभ. ऋतुसंहारात तो समारोप आहे. खरे पाहता तो दोन्ही आहे, आणि शेवट व आरंभ यांमधल्या सांध्यावरच अस्वस्थता वस्तीला असते.

हा सांधा महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांना जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्यामुंबईस दिसणार नाही. याचे कारण अगदी साधे, पंचांगाचे आहे. आपले महिने अमान्त, शेजाऱ्यांचे पौर्णिमान्त. होळी पेटली की शेजारच्या घरी दुसऱ्या दिवशी चैत्र लागतो. आपल्या घरी फाल्गुनाचा वद्य पक्ष सुरू होतो. २०२५ साली १३ मार्चला होळी झाली, १९ मार्चला रंगपंचमी आणि ३० मार्चला पाडवा. मधल्या पंधरवड्यात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे महिने चालू होते. इंदुरात गेर निघते ती रंगपंचमी आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी, त्यांच्या पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी. त्यातही गंमत अशी की, चैत्र लागला तरी शेजाऱ्यांचे विक्रम संवत्सर बदलते ते शुक्ल प्रतिपदेलाच. म्हणजे त्यांचा अर्धा चैत्र जुन्या वर्षात जातो. आपण या पंधरवड्याला सरत्या वर्षाचे शेपूट म्हणतो, ते त्याला नव्या महिन्याचे तोंड म्हणतात. जुने संपलेले नाही आणि नवे लागलेले नाही, हा अनुभव आपल्याकडे कविकल्पना नसून भिंतीवरच्या दोन दिनदर्शिकांत छापलेली वस्तुस्थिती आहे. एवढे हाताशी असून आपल्या लेखकांनी या पंधरवड्यावर काही लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

येथे दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’कडे वळणे भाग आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने मराठी ललित गद्यातले ऋतुवर्णन बदलून टाकले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख, अशी त्याची साधी मांडणी आहे. संस्कृत काव्य आणि लोकपरंपरा या दोहोंचा व्यासंग त्यामागे आहे. पण पुस्तकाचा कणा व्यासंगाचा नसून नजरेचा आहे. ‘वसंतहृदय चैत्र’ या पहिल्याच लेखात त्या फुलांपाशी अडकत नाहीत. पिंपळाच्या कोवळ्या पानांचे बदलते रंग, माडाचा फुलोरा, खोडाला लगडणारे फणस, वाढीला लागलेल्या कैऱ्या, पक्ष्यांची घरटी यांकडे त्या वळतात. फणसासारख्या आडदांड फळाला वसंतवर्णनात जागा देणे हे त्या काळी धाडसच होते. ठरलेल्या सुंदर वस्तूंची यादी बाजूला सारून डोळ्यांपुढे जे प्रत्यक्ष बदलते आहे ते टिपायचे, ही त्यांची रीत. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडताना विषबाधा होऊन त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले होते, हे येथे आठवते. अंथरुणावर पडून राहावे लागलेल्या माणसाला खिडकीबाहेरच्या एका फांदीतला रोजचा फरक कळू लागतो. त्या सवयीची छाया या गद्यावर असावी असे आम्हांला वाटते.

दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा, १० फेब्रुवारी १९१०चा. आपल्याकडे त्याचा अभिमान बाळगला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु इंदुरात जन्मलेल्या या लेखिकेने माड आणि फणस लिहिले, कारण आयुष्याचा बहुतांश काळ त्या मुंबईत राहिल्या आणि तेथे त्यांच्या डोळ्यांपुढे माड आणि फणस होते. उलट आज इंदूर, ग्वाल्हेर, देवास येथे राहणारे आपले लेखक पाडव्याच्या निमित्ताने लिहू लागले की त्यांच्याही लेखात माड आणि फणसच येतात, कारण ते दुर्गाबाईंनी लिहिले आहेत. दुर्गाबाईंची दृष्टी न घेता त्यांची झाडे तेवढी उचलली गेली. ज्या पुस्तकाने ठरीव यादी मोडली, त्याचीच आपण नवी यादी केली. ‘ऋतुचक्रा’वर इतका मोठा अन्याय त्याच्या एखाद्या निंदकालाही साधला नसता.

आपल्या अंगणापुढे काय असते? माघाच्या अखेरीपासून माळव्यात पळस पेटू लागतो. शेजारी त्याला टेसू म्हणतात आणि त्याच्या फुलांचा रंग काढतात. सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल पेले उभे राहतात. पुढे मोहाचा उग्र गोड वास येतो. गहू कापणीला येतो आणि वाऱ्याबरोबर त्याची धूळ गावात शिरते. दिवस तापू लागतो, रात्र मात्र गारच राहते, त्यामुळे एकाच दिवसात गोधडी नकोशी होते आणि हवीशीही वाटते. सराफ्यात गराडू दिसेनासा होऊन त्या जागी शिकंजीच्या पेल्यांची गर्दी होते. माठ निघतो, स्वेटरे उन्हात पडतात. ग्वाल्हेरकडे तर थंडी इतकी खरी असते की ती जाण्याचा क्षणही खरा असतो. दख्खनच्या पठारावर थंडी आणि ऊन यांमध्ये वसंताला जेमतेम जागा मिळते. म्हणूनच की काय, मराठी कविमनाने जीव लावला तो श्रावणाला. वसंत संस्कृतातून आलेला पाहुणाच राहिला. पण आपल्या प्रदेशांत तो पाहुणा नाही. मराठी भाषेला तिचा स्वतःचा, पाहिलेला वसंत देण्याची संधी कुणाला असेल तर ती आपल्या या जुन्या वसाहतींना.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. माड आणि फणस ही आपल्या पूर्वजांची झाडे; ती आम्ही पाहिली नसली तरी त्यांची ओढ आमच्या रक्तात आहे; तिला उसनी कसे म्हणता, असे कुणी विचारील. शिवाय आम्हीच वर दुष्यंताचा दाखला दिला आहे. न आठवणाऱ्या नात्याची हुरहूर खरी असू शकते, हेच तर कालिदास सांगतो.

ही ओढ आम्ही नाकारीत नाही. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वज असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतात, वसंत हा परगावी गेलेल्या प्रवाशाचा आणि त्याची वाट पाहणाऱ्या घरधनिणीचा ऋतू आहे. तिला आंब्याचा अंकुर दिसतो आणि तो सुवार्ता न वाटता भय वाटतो. आपले पूर्वज अठराव्या शतकात दसऱ्याचे सीमोल्लंघन करून नर्मदेपलीकडे उतरले, तेव्हा मोहिमांची रीत पावसाळ्यापूर्वी परतण्याची होती. त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. आपण त्यांची संतती. फाल्गुनात मागे राहिलेल्या घरांतून कुणीतरी वाट पाहिली असणारच. तेव्हा वसंतातली हुरहूर आपला वारसा आहे, यात शंका नाही.

परंतु दुष्यंत उत्सुक झाला तो कशाने? आठवणीने नव्हे, आठवण तर पुसलेली होती. त्या क्षणी, त्याच वाड्यात, खरोखर गाइलेल्या एका गाण्याने. पुढ्यातले रम्य इंद्रियांना भिडले, तेव्हा विसरलेले हलले. हा क्रम उलटवता येत नाही. जो आपल्या दारचा पळस पाहतो त्याला कदाचित न पाहिलेल्या फणसाची हुरहूर लागेल. पळसाकडे पाठ करून जो फणस लिहील त्याच्या हाती केवळ शब्द राहतील. आणि परभूमीत शब्दच तेवढे राहिले की भाषा सणावारी कपाटातून काढायची वस्तू होते. नातवंडे या दिवसांत ‘बेचैनी होते’ म्हणतात. त्यांना हुरहूर शिकवायची असेल, तर तो शब्द त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या झाडाला बांधून द्यावा लागेल.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. येत्या चैत्राच्या अंकासाठी लिहिणाऱ्यांनी होळी ते पाडवा या पंधरवड्याची साधी टिपणे ठेवावीत: कोणत्या दिवशी माठ काढला, कोणत्या रात्री खिडकी प्रथम उघडी ठेवली, कोणते झाड कधी पालवले, आणि त्या दिवसांत स्वतःत कोणता बारीकसा बदल जाणवला. वडोद्याच्या टिपणात वड येईल, गोव्याच्या टिपणात काजूचा वास, तेथे फणस आणि माडही हक्काने येतील; बेळगावचे आणि हैदराबादचे आणखी निराळे असेल. मलयानिल आणि कोकिळा त्यांत आल्या नाहीत तरी कुणी खंत करू नये. टिपणांना साहित्यगुण नसला तरी चालेल. तो दुर्गाबाईंची नजर काही दिवस उसनी घेतली की आपोआप येऊ लागतो.